मनातला ससा केवढा?

डोळे मिटा आणि एक ससा समोर आणा. त्याच्या शेजारी हत्ती उभा करा, सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा. दोघंही एकाच चित्रात हवेत. जमलं? मग पटकन सांगा, सशाच्या मिशा दिसतायत?

आता हत्तीला जाऊ द्या आणि सशाशेजारी एक माशी बसवा. ससा तोच. त्याच्या पायांच्या नख्या दिसतायत का बघा.

बहुतेकांना दुसरा ससा सोपा जातो. हत्तीशेजारी तो एवढासा होतो, मिशा शोधाव्या लागतात. माशीशेजारी ऐसपैस पसरतो आणि नख्यांपर्यंत सगळं समोरच असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉसलिन यांनी हाच खेळ प्रयोगशाळेत वेळ मोजून मांडला आणि १९७५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हत्तीशेजारच्या सशाबद्दल उत्तर द्यायला लोकांना जास्त वेळ लागत होता. फरक सेकंदाच्या लहानशा भागाचा, पण ठाम. शिवाय काही जण आपणहून सांगत, की तपशील दिसेना म्हणून मनातल्या मनात आम्ही सशाच्या जवळ गेलो.

यावर कुणालाही सुचेल अशी शंका आहे. हत्तीसारखा हत्ती शेजारी असताना सशाकडे लक्ष जाणार कसं? उशीर त्यामुळेच होत असेल. कॉसलिन यांनी या शंकेचा बंदोबस्त फार झकास केला. त्यांनी लोकांना सशाशेजारी हत्तीएवढी माशी आणि माशीएवढा हत्ती आणायला सांगितलं. निकाल उलटला! आता माशीशेजारच्या सशाला वेळ लागू लागला आणि हत्तीशेजारच्या सशाचं उत्तर चटकन येऊ लागलं. म्हणजे दोष हत्तीचा नव्हता, सशाच्या आकाराचा होता. मनातल्या चित्राला माप असतं आणि ते बाहेरून मोजता येतं. या एका शोधापायी मला हा सगळा विषय प्रिय आहे, कारण दुसऱ्याच्या डोक्यातलं चित्र आपण कधीच पाहू शकत नाही, तरी ते लहान की मोठं हे कळू शकतं.

वीतभर खिडकी

आता लांबवर एक हत्ती उभा आहे असं समजा आणि मनातल्या मनात त्याच्याकडे चालू लागा. तो वाढत जाईल. मग एक क्षण असा येईल, की हत्ती चित्रात मावेनासा होईल. शेपटी बाहेर जाईल, पाय धूसर होतील. तिथेच थांबा. तुमच्यात आणि हत्तीत किती अंतर उरलंय?

१९७८मध्ये कॉसलिन यांनी लोकांना असंच चालायला लावलं. प्राणी जितका मोठा, तितकं लांब थांबावं लागतं, हे लगेच दिसलं. थांबण्याचं अंतर आणि प्राण्याची लांबी कळली, की शाळेतल्या त्रिकोणमितीने मनाच्या डोळ्याचा कोन काढता येतो. सूचना ढिल्या दिल्या तर तो मोठा येतो. काटेकोर दिल्या तर २० अंशांच्या आसपास.

२० अंश म्हणजे केवढे? हात समोर ताठ धरा आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणा. ती वीत नजरेची जेवढी रुंदी व्यापते, ते साधारण २० अंश. उघड्या डोळ्यांना आडवं १८० अंशांहूनही थोडं अधिक दिसतं. मनाच्या डोळ्याला मात्र नीट दिसते ती एवढीच खिडकी. सहा मीटर लांबीचा हत्ती त्या वितीत मावायचा, तर आपण सुमारे १७ मीटर दूर हवं. ४० सेंटिमीटरच्या सशाला मीटरभराहून थोडं जास्त अंतर पुरतं. खिडकीच्या कडा मात्र चौकटीसारख्या रेखीव नसतात. चित्र कडेला हळूहळू विरत जातं.

रोमन वक्त्यांना याचा अंदाज होता. ‘ऱ्हेटोरिका ॲड हेरेनियम’ हा लॅटिन ग्रंथ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. लेखक अज्ञात, कित्येक शतकं तो सिसेरोच्या नावावर खपला. भाषण पाठ कसं करावं हे त्यात शिकवलंय: ओळखीच्या इमारतीतून मनाने फिरायचं आणि जागोजागी आठवणीची चित्रं ठेवत जायचं. जागा फार प्रशस्त नको, चित्र हरवतं. फार अरुंद नको, मावत नाही. दोन जागांमध्ये अंतर ठेवायचं साधारण ३० फूट. कारण, ग्रंथकार म्हणतो, बाहेरच्या डोळ्याप्रमाणे आतल्या डोळ्यालाही अति जवळचं आणि अति लांबचं नीट दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, कुठल्याही उपकरणाशिवाय, नुसत्या सरावातून काढलेला हा आकडा आहे.

मेंदूत जागा किती?

आता एक गंभीर प्रकरण. अपस्मारावर उपाय म्हणून एका स्त्रीच्या मेंदूचा उजवा पश्चखंड शस्त्रक्रियेने काढावा लागणार होता. पश्चखंड म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा, दृष्टीचं काम करणारा भाग. मार्था फराह आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी तिच्याकडून मनातल्या मनात वस्तूंकडे चालण्याची तीच चाचणी करून घेतली आणि नंतर पुन्हा घेतली. १९९२मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतर तिला प्रत्येक वस्तूपासून आधीपेक्षा बरंच दूर थांबावं लागत होतं. मनाची खिडकी आडवी जवळजवळ निम्म्याने आखूड झाली होती. उभी मात्र जशीच्या तशी! पश्चखंडाची एक बाजू गेली, की बाहेरच्या दृष्टीचीही एक बाजूच जाते, वरचा-खालचा भाग नाही. आतलं दृश्य त्याच हिशेबाने आकसलं होतं.

तीन वर्षांनी, १९९५मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात कॉसलिन आणि सहकाऱ्यांचा पेट स्कॅनचा अभ्यास आला. लोकांनी डोळे मिटून पाठ केलेली चित्रं आठवायची होती. कधी अगदी लहान, कधी मध्यम, कधी मोठी. दृष्टीच्या पहिल्या पट्ट्यात प्रत्येक मापाची जागा वेगळी निघाली. लहान चित्राच्या वेळी मेंदूचं अगदी मागचं टोक कामाला लागलं, म्हणजे नजरेच्या मधोमध असलेल्या गोष्टी पाहणारा भाग. चित्र मोठं केलं, तसं काम पुढच्या बाजूला सरकलं. डोळे उघडे ठेवून लहान-मोठी वस्तू पाहतानाही हेच घडतं. फरक इतकाच, की इथे पापण्या मिटलेल्या होत्या आणि समोर काहीच नव्हतं.

कागद घ्या, एसटी काढा

हा प्रयोग घरातल्या सगळ्यांना घेऊन करण्यासारखा. प्रत्येकाला तीन कोरे कागद द्या. एकावर किल्ली, एकावर खुर्ची, एकावर एसटी काढायला सांगा. केवढी काढायची हे मुद्दाम सांगू नका.

किल्ली कागदाच्या मधोमध छोटीशी येईल, चारी बाजूंना भरपूर पांढरं सोडून. खुर्ची त्याहून मोठी. एसटी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाईल, कुणाकुणाचं मागचं चाक काठाला टेकेल. खरं तर किल्ली कागदभर काढायला कुणाची ना नव्हती. एमआयटीच्या टालिया कॉन्कल आणि ऑड ओलिव्हा यांनी २०११मध्ये दाखवलं, की माणसं हे फार शिस्तीत करतात. कागद मोठा दिला तर चित्र मोठं येतं, पण कागदाचा जेवढा हिस्सा ती वस्तू व्यापते तो जवळपास तोच राहतो. या शिस्तीला गणित आहे: खरी वस्तू दहापट मोठी झाली की चित्र दहापट होत नाही, एक ठरावीक पायरी चढतं, शंभरपट झाली की दोन पायऱ्या. आणि हे फक्त काढण्यापुरतं नाही. नुसतं चौकटीत ‘कल्पना करा’ म्हटलं तरी माणसं हेच माप निवडतात, आणि फोटो लहान-मोठा करून ‘सगळ्यात छान दिसेल असा ठेवा’ म्हटलं तरी तिथेच थांबतात. प्रत्येक वस्तूला आपल्या डोक्यात एक पसंतीचं माप आहे आणि ते तिच्या खऱ्या मापावरून ठरतं.

नुसत्या नावातही हे माप लपलेलं असतं. रॉबर्ट मॉयर यांनी १९७३मध्ये लोकांना प्राण्यांच्या नावांच्या जोड्या दाखवून विचारलं, यातला मोठा कोण? आकारात फरक जितका जास्त, तितकं उत्तर लवकर. मुंगी आणि अस्वल म्हटलं की विचार करावा लागत नाही. लांडगा आणि बकरी म्हटलं की क्षणभर थबकायला होतं. ॲलन पायव्हियो यांनी १९७५मध्ये त्यात चित्रं आणली: इवलासा झेब्रा आणि त्याच्या शेजारी भलामोठा टेबललॅम्प. खरोखर मोठं काय, या प्रश्नाला लोक अडखळले. तोच गोंधळ शब्दांनी घालून पाहिला, ‘झेब्रा’ बारीक अक्षरात आणि ‘लॅम्प’ मोठ्या अक्षरात, तर कुणी अडखळलं नाही. अक्षराचा आकार मनातल्या झेब्र्यापर्यंत पोहोचतच नाही.

तुरीच्या दाण्याएवढा चंद्र

चंद्र डोळ्यांसमोर आणा. केवढा आला? कुणी ताटाएवढा म्हणतं, कुणी वाटीएवढा. प्रत्यक्षात आकाशात तो अर्धा अंशच जागा घेतो. हात ताठ धरला तर बोटांच्या चिमटीतला तुरीचा दाणा त्याला झाकायला पुरतो. येत्या कोजागरीला आटीव दुधाआधी हे जरूर करून बघा. डोंगरामागून वर येताना अवाढव्य दिसणारा चंद्र आणि मध्यरात्री डोक्यावरचा चंद्र, दोघांना तोच दाणा झाकतो. खरं तर क्षितिजावरचा चंद्र काकणभर लहानच असतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, अधिक लांब असतो.

पण मला याहून थक्क करतो तो आरसा. अंघोळीनंतर वाफेने धुरकटलेल्या आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि दिसणाऱ्या चेहऱ्याची कड बोटाने काचेवर गिरवा. हनुवटीपासून वर, कानावरून, कपाळावरून, पुन्हा हनुवटीपर्यंत. मग बाजूला होऊन ती आकृती पाहा आणि वीत लावा. चेहरा वीतभर असेल तर काचेवरचा लंबगोल अर्धी वीतच भरेल. कायम अर्धाच! मागे सरका, पुढे या, फरक पडत नाही, कारण आरसा नेहमी तुमच्या आणि तुमच्या प्रतिबिंबाच्या बरोबर मधोमध असतो. कला-इतिहासकार अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये हे करून बघायला सांगितलंय. आयुष्यभर रोज पाहिलेली गोष्ट, तरी आधी विचारलं तर बहुतेक जण चेहरा काचेवर पूर्ण मापाचाच असतो असं शपथेवर सांगतील. आपल्याला डोळ्यातलं माप दिसत नाही. मेंदूने अंतर हिशेबात धरून काढलेलं माप दिसतं.

हाच हिशेब उघडा पडतो तो असा: पांढऱ्या कागदावरच्या लाल चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग नजर हातातल्या कोऱ्या वहीकडे वळवा. हिरवट-निळसर चौकोन तरंगेल. तीच नजर आता समोरच्या भिंतीवर न्या. चौकोन एकदम मोठा होतो. डोळ्याच्या पडद्यावरचा ठसा तोच आहे, पण मेंदू म्हणतो, लांब आहे म्हणजे मोठा असणार. स्विस नेत्रतज्ज्ञ एमिल एमर्ट यांनी १८८१मध्ये हा नियम मांडला.

पैसा, चेंडू आणि बाहुली

१९४७मध्ये जेरोम ब्रूनर आणि सेसील गुडमन यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांना प्रकाशाचं वर्तुळ लहान-मोठं करून नाण्याएवढं करायला सांगितलं. मुलांनी नाणी मोठी दाखवली, आणि गरीब घरच्या मुलांनी श्रीमंत घरच्यांपेक्षा जास्त मोठी. पुठ्ठ्याच्या चकत्या दिल्यावर असं झालं नाही. हा प्रयोग अतोनात गाजला. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. लाउनर कार्टर आणि केर्मिट स्कूलर यांनी १९४९मध्ये हे पुन्हा करून पाहिलं, तर नाणं समोर असताना गरीब-श्रीमंत मुलांमध्ये फरक आला नाही. नाणं समोर नसताना, आठवून माप सांगताना, गरीब मुलांची मोठी नाणी अधिक फुगली. ज्याची चणचण, त्याची मनातली प्रतिमा वाढते.

महत्त्वाची गोष्ट मोठी काढायची, ही जुनी रीत आपल्याकडे अजिंठ्याला आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला आपल्याच दाराशी आलेले दिसतात. समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध जवळजवळ पूर्ण भिंतीच्या उंचीचे आणि ती दोघं त्यांच्यापुढे एवढीशी, माना वर करून पाहणारी. चित्रकाराला प्रमाण ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याच लेण्यात प्रमाणबद्ध माणसांची गर्दी आहे.

फॉर्मात असलेला फलंदाज म्हणतो, आज चेंडू फुटबॉलएवढा दिसत होता. जेसिका विट आणि डेनिस प्रॉफिट यांनी सॉफ्टबॉल खेळाडूंना सामन्यानंतर वेगवेगळ्या मापांची वर्तुळं दाखवून विचारलं, तुमचा चेंडू यातला कोणता? ज्यांची त्या दिवशी फलंदाजी चांगली झाली होती, त्यांनी मोठं वर्तुळ निवडलं. हे २००५चं. चेंडू मारताना मोठा दिसला की आठवताना मोठा झाला, यावर तज्ज्ञांचं अजून जमत नाही. नाण्यांची गोष्ट वाचल्यावर माझा कौल आठवणीकडे आहे.

आणि आपण स्वतः लहान झालो तर? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०११मध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिडिओचे छोटे पडदे लावून त्यांना खाली पाहायला सांगितलं. त्यांना स्वतःच्या शरीराच्या जागी बाहुलीचं शरीर दिसत होतं, आणि त्यांच्या पायाला व बाहुलीच्या पायाला एकाच वेळी काठीचा स्पर्श केला जात होता. थोड्याच वेळात ते पाय आपलेच वाटू लागतात. बाहुली ३० सेंटिमीटरची असेल, तर समोरच्या वस्तू मोठ्या आणि लांब वाटू लागल्या. बाहुली चार मीटरची असेल, तर त्याच वस्तू लहान आणि जवळ! जगाचं माप काढायला आपण आपलंच अंग वापरतो. लहानपणी राहिलेल्या घरात पुष्कळ वर्षांनी गेल्यावर ओटा आणि ओसरी आखडल्यासारखी का वाटते, याचा एक धागा इथे सापडतो.

ज्यांना चित्रच दिसत नाही

या सगळ्याला विरोध करणारा खंदा माणूस म्हणजे झेनन पिलिशिन. डोक्यात चित्रबित्र काही नसतं, असं ते १९७३पासून ठासून मांडत राहिले. त्यांचं म्हणणं असं: लहान गोष्ट दिसायला अवघड असते हे आपल्याला ठाऊक आहे, प्रयोगात आपण नकळत त्या माहितीप्रमाणे वागतो, उत्तराला वेळ लावतो. हा वाद दशकानुदशकं चालला आणि त्याने दोन्ही बाजूंना जास्त कसदार प्रयोग करायला लावले.

खरोखरच काही जणांच्या मनात चित्र उमटत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८०मध्ये लोकांना प्रश्नावली पाठवली होती: आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, किती स्पष्ट दिसतं? प्रश्न मापाबद्दलही होते. फाशाच्या तीनपेक्षा जास्त बाजू एकाच वेळी मनात दिसतात का? पृथ्वीगोलाच्या अर्ध्याहून जास्त भाग दिसतो का? कित्येक शास्त्रज्ञांनी कळवलं, की असं काही चित्र वगैरे आम्हाला माहीतच नाही. २०१५मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या ॲडम झीमन यांनी या अवस्थेला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. २०२१च्या एका अभ्यासात अशा लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून ते आठवणीतून काढायला सांगितले. त्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंग कमी होते. पण ज्या वस्तू त्यांनी काढल्या, त्यांची जागा आणि माप इतरांइतकंच बरोबर होतं. चित्र नाही, तरी माप आहे!

जन्मांध माणसांचं काय? नॅन्सी कर यांनी १९८३मध्ये त्यांच्याबरोबर सशासारखाच प्रयोग केला. एखादी वस्तू मोटारीशेजारी आहे अशी कल्पना करा, मग तीच वस्तू कागदाच्या क्लिपेशेजारी. मोटारीशेजारी त्यांनाही तपशील सांगायला जास्त वेळ लागला, अगदी डोळसांसारखाच. ज्यांनी कधीच काही पाहिलं नाही, त्यांच्याही मनात लहान ते लहान आणि मोठं ते मोठं.

पण हत्तीकडे चालण्याची चाचणी वेगळी निघाली. कॉसलिन यांचाच सहभाग असलेल्या १९८८च्या अभ्यासात जन्मांधांना वस्तूकडे मनाने चालत जायला सांगितलं, तेव्हा मोठ्या वस्तूपासून लांब थांबण्याचा डोळसांचा नियम त्यांना लागू पडेना. लांब गेल्याने वस्तू लहान होते, हा अनुभव फक्त डोळ्यांचा आहे. हाताने चाचपलेली खुर्ची जवळ असो वा दूर, तेवढीच असते. त्यांनी वस्तू, मग ती लहान असो की मोठी, हात पोहोचेल अशाच अंतरावर ठेवल्या होत्या.